मदतनिधीसाठीच्या रॉक कॉन्सर्टला जाताना

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, कारण काळ्या बाजारात मोजलेली जादा रक्कम मदतनिधीत न पडता दलालाच्या खिशात जाते. निधी कोणत्या संस्थेला मिळणार आणि तो खर्च वजा जाता मिळणार की संपूर्ण, हेही आधीच वाचावे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’चे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. हेतू निर्मळ होता, तरी करसवलतीची व्यवस्था आधी लावलेली नसल्याने ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेला बराच पैसा अनेक वर्षे अडकून पडला.

बाकी तयारी नेहमीचीच. खरा प्रश्न उभे कुठे राहावे हा आहे, आणि त्यावर ‘लवकर जाऊन पुढचा कठडा धरा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला मुळीच मान्य नाही. एकाच कलाकाराच्या दोन तासांच्या कार्यक्रमाला तो लागू पडेलही. येथे मात्र कलाकार अनेक, प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी गाणी आणि मध्ये वाद्ये बदलण्याचा खोळंबा. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठीच्या कॉन्सर्टमध्ये बहुतेकांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली आणि लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर तर अदलाबदल झटपट व्हावी म्हणून फिरता रंगमंच होता. कठड्याशी उभा असलेला श्रोता पाण्यासाठी किंवा स्वच्छतागृहाकडे गेला की जागा गमावतो, त्यामुळे तो तहान दाबत उभा राहतो आणि ज्याच्यासाठी आला त्या कलाकाराच्या वेळेपर्यंत गळून जातो. शिवाय तेथे स्पीकरचा दणका छातीवर बसतो, पण गायकाचे शब्द नीट लागत नाहीत.

मैदानाच्या मध्यावर, रंगमंचासमोर, ध्वनिमिश्रणाचा कन्सोल असतो. तेथे बसलेला तंत्रज्ञ स्वतःच्या कानांना जे ऐकू येते त्यावरून आवाज जुळवतो, म्हणून त्याच्या कुंपणाच्या अगदी पुढे, पाठ टेकून उभे राहावे. पायाखालून केबलची झाकणे गेलेली असतात. अंधारात त्यांना ठेच लागते, तेव्हा जागा उजेडातच हेरून ठेवावी. पुढे मुसंडी मारायचीच असेल, तर आधीचा वाद्यवृंद उतरताच, गर्दी मागे ओसरत असताना मारावी. ड्रमवर एकेक ठोका आणि माइकवर ‘वन, टू’ ऐकू येऊ लागले, म्हणजे पुढच्या वाद्यवृंदाची चाचणी सुरू झाली, की हाताशी फार वेळ उरलेला नसतो.

इअरप्लग न घालणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही: १०० डेसिबलला सुरक्षित मर्यादा साधारण १५ मिनिटांची मानतात आणि हा कार्यक्रम कित्येक तास चालतो. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत दाबून धरावा. शेवटच्या गाण्याला सगळे कलाकार एकत्र येतात, तेव्हा चेव येऊन तो काढू नये. रंगमंचावर सर्वाधिक गिटार त्याच वेळी वाजत असतात.