सीसीटीव्हीत झाडं गुलाबी दिसतायत? आयआर फिल्टरच्या या चुका टाळा

दिवसाढवळ्या कॅमेऱ्यात अंगणातला आंबा फिकट गुलाबी दिसतो, काळा शर्ट जांभळट दिसतो आणि लगेच कोणीतरी सांगतं की सेन्सर गेला, नवीन कॅमेरा घ्या. थांबा. बऱ्याचदा सेन्सर ठणठणीत असतो, अडकलेला असतो तो फिल्टर.

आपल्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो, पण कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे सिलिकॉनची चिप, 1100 च्या आसपासपर्यंत बघते. म्हणून लेन्स आणि चिपच्या मधे एक छोटी काच बसवतात, आयआर कट फिल्टर, जी इन्फ्रारेड (आयआर), म्हणजे 700 च्या पुढचा आपल्याला न दिसणारा प्रकाश, अडवते. नाइट व्हिजनच्या कॅमेऱ्यात ही काच सरकती असते, अंधार पडल्यावर कॅमेऱ्यातून "टक" असा आवाज येतो ना, तो ती सरकल्याचा. ती बाजूलाच अडकली की दिवसा सगळं गुलाबी (पानं इन्फ्रारेड खूप परत फेकतात म्हणून झाडावर आधी कळतं), आणि चिपसमोरच अडकली तर रात्री कॅमेऱ्याचे आयआर एलईडी (इन्फ्रारेड उजेड टाकणारे छोटे दिवे) पेटलेले असूनही चित्र काळंकुट्ट. सेटिंगमधे डे आणि नाइट मोड हाताने चारपाच वेळा बदला, कान जवळ नेऊन टक येतो का ऐका, कधीकधी एवढ्यानेच सुटतं. पण रात्री कॅमेरा सारखा रीस्टार्ट होत असेल तर आधी पॉवर बघा, लांब वायरीत 12 व्होल्टचे शेवटपर्यंत कमी होतात आणि एलईडी पेटले की भार सोसत नाही, तिथे फिल्टरला दोष देऊ नका.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. जुन्या वेबकॅमचा फिल्टर ब्लेडने काढला आणि मग फोकस काही केल्या बसेना. कारण काच काढली की फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश सरकतो. सरकत्या फिल्टरच्या कॅमेऱ्यात म्हणूनच दुसऱ्या बाजूला साधी पारदर्शक काच असते, ती फालतू समजून काढू नका. शिवाय साध्या लेन्समधे इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा मागे पडतो, त्यामुळे दिवसा एकदम शार्प केलेला कॅमेरा रात्री धूसर दिसू शकतो. फोकस रात्री, आयआर चालू ठेवून तपासा.

प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांची चूक म्हणजे 850 नॅनोमीटरचा बँडपास फिल्टर (ठरावीक पट्ट्यातलाच प्रकाश आत सोडणारा) आणि 940 चे आयआर एलईडी. 940 लाल चमकत नाही म्हणून लोक घेतात, पण त्या फिल्टरमधून ते जवळपास जातच नाहीत, आणि फिल्टर नसला तरी सिलिकॉन तिथे 850 पेक्षा कमी संवेदनशील असल्याने पल्ला घटतो. जोडी जुळवूनच घ्या. आणि हे फिल्टर पातळ थरांच्या कोटिंगचे असतात, प्रकाश तिरका आला की त्यांचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो, 30 अंशाला 850 चा पट्टा साधारण 30 नॅनोमीटर खाली येतो, म्हणून वाइड लेन्सवर 10 नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावला की मधे उजेड आणि कडेला अंधार. अशा वेळी एलईडी बदलत बसू नका, रुंद पट्ट्याचा फिल्टर घ्या.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पीआयआर सेन्सरवर, म्हणजे माणसाच्या अंगाची उष्णता हलली की लाइट लावणाऱ्या सेन्सरवर. पाऊस लागू नये म्हणून पुढे काच किंवा अ‍ॅक्रिलिक बसवतात आणि मग माणूस समोर नाचला तरी लाइट लागत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता 9-10 मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त बाहेर पडते, आणि तिथे आपली साधी काच भिंतीसारखी असते. पीआयआरचा तो पांढुरका घुमट पॉलिथिनचा असतो ते याचसाठी, थर्मल कॅमेऱ्यात जर्मेनियमची लेन्स असते तीही याचसाठी. त्यामुळे थर्मल कॅमेरा खिडकीच्या आतून बाहेर रोखला तर काचेचंच तापमान आणि तुमचं प्रतिबिंब दिसेल. सेन्सर छताखाली लावा, पुढे काही बसवू नका.

आयआर एलईडी पेटतात का हे बघायला मोबाइल वापरत असाल तर शक्यतो सेल्फी कॅमेरा घ्या, बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याचा फिल्टर इतका कडक असतो की टीव्हीचा चालू रिमोटसुद्धा मेलेला दिसतो.