गबदू निघाला: कापडी हत्तीच्या जगप्रवासाची तयारी

खेळण्यातला प्राणी प्रवासाला सोबत नेऊन ठिकठिकाणी त्याचे फोटो काढायचे असतील, तर आधी जायचं कोणी, हे ठरवा. मूल रोज रात्री ज्याला कुशीत घेऊन झोपतं ते खेळणं या कामाला नको. ते हरवलं तर कुणालाच हसू येणार नाही, उलट उरलेल्या प्रवासाचा विचका होईल. त्याने यावं, पण अंथरुणापुरतं. पुलाच्या कठड्यावर बसायला, बोटीच्या टोकाला उभं राहायला, अनोळखी लोकांच्या हातात जायला वेगळा गडी लागतो. आमच्या घरी हे काम गबदू करतो. राखाडी कापडाचा हत्ती, बसला की १८ सेंटिमीटर, डावा कान उजव्यापेक्षा बोटभर मोठा.

प्राणी २० सेंटिमीटरच्या आसपासचा असला की सगळ्यात सोयीचा. लहान असला तर फोटोत शोधावा लागतो, मोठा असला तर दुसऱ्या दिवसापासून खोलीवरच राहायला लागतो. तो नीट बसतो का, हे घरीच बघा. टेबलाच्या कडेला बसवा आणि जोरात फुंकर मारा. बुडाशी प्लॅस्टिकचे बारीक दाणे असतील तर हलत नाही, नुसता कापूस असेल तर कोलांटी खातो. कोलांटी खाणाऱ्याची खालची शिवण उसवून दाण्यांची छोटी पुरचुंडी आत घाला आणि पुन्हा शिवून टाका. रंगाकडेही लक्ष द्या. राखाडी हत्ती दगडी इमारतीसमोर दिसेनासा होतो, म्हणून गबदूला लाल मफलर आहे.

पोटात काय भरलंय ते माहीत हवं. आपण ज्याला कापूस म्हणतो तो बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो आणि त्याची कुठे अडचण येत नाही. पण काही खेळण्यांत गव्हाचे दाणे, बिया, पेंढा किंवा लाकडाचा कीस असतो, आणि गरम करून शेकायला घ्यायच्या प्राण्यांत तर हमखास धान्य असतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड शेतीवरच्या किडी-रोगांना इतके जपतात की अशा गोष्टी सीमेवर जाहीर कराव्या लागतात. तेव्हा धान्याचा प्राणी घरी ठेवा. गाणाऱ्या-बोलणाऱ्या प्राण्याची बॅटरी निघण्याआधी काढून ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. शिवाय रात्री दोन वाजता विमानातल्या वरच्या कप्प्यातून आपला हत्ती ओरडायला लागला, तर आजूबाजूचे सगळे प्रवासी जागे होतात.

आंघोळ निघण्याआधी आठवडाभर तरी उरकून घ्या, कारण आतला भराव वाळायला वेळ लागतो आणि ओलसर प्राणी बॅगेत कोंडला की त्याला कुबट वास येतो. धुळीतले बारीक किडे ६० अंशांच्या पाण्यात मरतात, पण इतकं गरम पाणी बऱ्याच खेळण्यांना सोसत नाही. म्हणून प्राण्याला झिपच्या पिशवीत बंद करून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग थंड पाण्यात धुवा. फ्रीझरचं दार उघडून एक फोटो जरूर काढा. गबदूच्या प्रत्येक प्रवासाची वही याच फोटोने सुरू होते, वाटाण्यांच्या पाकिटाला टेकून बसलेला, खाली ओळ: ‘थंडीचा सराव.’ मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या, केसांची, आत लाकडाचा कीस भरलेली जुनी अस्वलं मात्र पाण्यात बुडवू नका, ती वरवर पुसायची.

मग उजेडात बसून एकेक शिवण तपासा. हत्तीची दुखरी जागा म्हणजे सोंडेचं मूळ, कारण दिसला हत्ती की जो तो त्याला सोंडेला धरून उचलतो. गबदूच्या सोंडेखाली आता तीन वेळा शिवल्याचे टाके आहेत, पहिले करडे, नंतरचे निळे, कारण तेव्हा होतो त्या गावात करडा दोरा मिळाला नाही. म्हणून सुई, प्राण्याच्या रंगाचा दोरा आणि चिमूटभर जादा कापूस एका डबीत घालून न्या. नसेल काहीच तर जे हाताशी असेल त्यावर भागवता येतं, हे कॅरन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक डायनासोर शिवला. वरचं कापड रशियन अन्नाच्या डब्यांच्या अस्तराचं, आतला भराव जुन्या टी-शर्टाच्या चिंध्यांचा.

आता कागदपत्रं. प्राण्याचा स्वतःचा पासपोर्ट हवाच, आणि ही नुसती गंमत नाही. पेरूतल्या माचू पिच्चूच्या दाराशी, अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआइयात, अंटार्क्टिकातल्या पोर्ट लॉकरॉयच्या टपाल कचेरीत पर्यटकांसाठी सुंदर शिक्के असतात, आणि हौसेने लोक ते आपल्या खऱ्या पासपोर्टवर मारून घेतात. असा हौशी शिक्का पुढच्या एखाद्या सीमेवर नडू शकतो. प्राण्याच्या वहीत मात्र तो बिनधास्त मारा. तळहाताएवढी वही घ्या, पहिल्या पानावर फोटो, नाव, जन्मस्थान (कापडावरच्या चिठ्ठीवर असतं ते), ओळखीची खूण. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मुलांनी मैत्रीखातर जपानमधल्या मुलांना १२,००० हून अधिक बाहुल्या पाठवल्या, तेव्हा त्यांच्यासोबत पासपोर्टही दिले होते. जपानने उलट ५८ मोठ्या बाहुल्या धाडल्या.

त्याच दिवशी हरवण्याची तयारी करून टाका. शेपटीजवळच्या शिवणीत कापडी पट्टी शिवा, तिच्यावर फक्त ई-मेल आणि फोन नंबर लिहा, घरचा पत्ता नको. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. ‘राखाडी हत्ती हरवला’ असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो, फोटो दाखवला की उठून शोधायला लागतो. आणि एक नियम डोक्यात पक्का बसवा: हॉटेलच्या अंथरुणावर प्राण्याला कधीही ठेवायचं नाही. खोली साफ करणारी माणसं चादरी एका हिसक्यात गोळा करतात आणि चादरीत गुंडाळलेला हत्ती थेट धुलाईला जातो. गबदू असाच एकदा गेला. आम्हाला पुढच्या गावात पोचल्यावर कळलं. फोनवर फोन केले, मोजपट्टीचा फोटो पाठवला, आणि धुलाईघरातल्या एका बाईंनी त्याला उशांच्या अभ्र्यांच्या ढिगातून ओळखून काढलं. पाच दिवसांनी पार्सल आलं. हत्ती दोन छटा उजळला होता आणि मफलरला इस्त्री केलेली होती. तेव्हापासून खोलीत त्याची जागा ठरलेली आहे: बुटात. बूट घातल्याशिवाय कुणी निघत नाही, त्यामुळे हत्ती मागे राहत नाही.

दोरी न्या. मीटरभर लांबीची, बारीक पण मजबूत, एका टोकाला कडी. कमरेला किंवा पुढच्या पायाला बांधा, गळ्याला नको, फोटोत वाईट दिसतं. पूल, मनोरे, बोटी आणि धबधबे इथे दोरीशिवाय बाहेर काढूच नका. दोरीला बांधलेल्या खेळण्यांची परंपरा मोठी आहे. रशियाच्या सोयूझ यानात अंतराळवीरांसमोर एक छोटं खेळणं दोरीला टांगलेलं असतं, आणि ते तरंगायला लागलं की वजनरहित अवस्था आल्याचं कळतं. २०२० मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानातून पहिल्यांदा माणसं गेली, तेव्हा हे काम त्या दोन अंतराळवीरांच्या मुलांनी निवडलेल्या चमचमत्या डायनासोरने केलं.

खऱ्याखुऱ्या प्राण्यांपासून जपायला दोरी पुरत नाही. जपानमधल्या नारा इथे हजारावर हरणं मोकळी हिंडतात, माना लववून खाऊ मागतात आणि लोंबणारं कापड दिसलं की चावून बघतात. बालीतल्या उलुवाटूची माकडं तर वस्तू पळवतात आणि खाणं मिळाल्यावरच परत देतात. अशा ठिकाणी आपला प्राणी बॅगेत आणि बॅगेची चेन पूर्ण बंद.

कुठे जायचं हे ठरवताना त्याच्या उंचीचा विचार करा. उंच मनोऱ्यांसमोर छोटा प्राणी टाचणीएवढा दिसतो, छोट्या स्थळांत मात्र तो रुबाबात उभा राहतो. ब्रुसेल्सचा तो लघवी करणारा प्रसिद्ध पोरगा जेमतेम अर्ध्या मीटरचा आहे, कोपनहेगनची जलपरी सव्वा मीटरची. लोक तिथे ‘एवढीशीच?’ म्हणत हिरमुसतात, गबदूला मात्र दोन्हीकडे बरोबरीचं कुणीतरी भेटलं.

आणि बोलिव्हियातलं सालार द उयुनी शक्य असेल तर चुकवू नका. १०,००० चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं पठार, सुमारे ३,६५० मीटर उंचीवर. पांढरी जमीन क्षितिजापर्यंत सपाट आहे, त्यामुळे जवळचं काय आणि लांबचं काय हे डोळ्याला कळत नाही. फोन जमिनीला टेकवून धरा, प्राण्याला हातभर अंतरावर बसवा आणि माणसांना पंधरा-वीस पावलं मागे उभं करा. हत्ती डोंगराएवढा होतो आणि घरची मंडळी त्याच्या पायाखालून पळताना दिसतात. घरी अंगणात किंवा मैदानावर याचा सराव करून ठेवा. दोघंही स्पष्ट यायला हवेत, आणि हत्तीमागे फोन टेकवलेल्या हाताची सावली पडता कामा नये. प्राण्याखाली पातळ कापड घाला, मीठ ओलसर असतं आणि लोकरीत शिरलं की निघत नाही. फरशीसारख्या षटकोनी रेघा हव्या असतील तर कोरड्या महिन्यांत, मे ते ऑक्टोबरमध्ये जा.

अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांनी तिथले नियम आधी वाचावेत. बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसायला किंवा सामान खाली टेकवायला मनाई असते, पेंग्विनपासून निदान ५ मीटर लांब राहावं लागतं. म्हणजे प्राणी हातातच राहणार. लोकरीत अडकलेली बी-कुसळं निघण्याआधी व्हॅक्यूमने काढून घ्या. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलसारख्या ठिकाणी फोटोच काढता येत नाहीत, तिथे त्याला नुसतं खिशातून छत बघू द्या. आणि जिथे माणसं शोक करायला येतात, स्मारकं, दफनभूमी, युद्धात मेलेल्यांच्या जागा, तिथे प्राणी बाहेर काढूच नका. आमच्याकडे याला अपवाद नाही.

आपल्याला जमत नसेल तर त्याला एकट्यालाही धाडता येतं. टोकियोत उनागी ट्रॅव्हल नावाची संस्था खेळण्यांच्याच सहली काढते, मालक घरी आणि प्राणी सहलीला. मित्रांकडे पार्सलने पाठवत असाल तर सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर ‘वापरलेलं कापडी खेळणं’ असं साफ लिहा आणि त्याचं रोजनिशीचं पुस्तक सोबत घाला, म्हणजे यजमानांना काय लिहायचं ते कळेल.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो स्वभावाला. नुसता ‘मनोऱ्यासमोर हत्ती’, ‘पुतळ्यासमोर हत्ती’ असे वीस फोटो कुणी बघत नाही. त्याला एकच ठसठशीत खोड द्या आणि ती सगळीकडे जपा. गबदूला उंचीची भीती वाटते. त्यामुळे तो पिसाच्या मनोऱ्याला इतरांसारखा हात लावून टेकू देत नाही, मनोऱ्याकडे पाठ करून बसतो. आयफेल टॉवरवर तो मफलरने डोळे झाकतो. उयुनीत मात्र तो डोंगराएवढा झालाय आणि तरी खाली बघायचं टाळतोय, तो फोटो बघून मुलं दरवेळी लोळतात. फोटोखालची ओळ त्याच्या तोंडून लिहा, छोटी, आणि गंभीरपणे. प्राण्याला स्वतःला काहीच विनोदी वाटत नसतं, म्हणूनच हसू येतं.

निघण्याच्या आदल्या रात्री प्राण्याला हातातल्या बॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नाही. डोकं वर, चेनजवळ, म्हणजे तपासणीच्या पट्ट्यावर एकदम काढता येईल. तिथे त्याला स्वतंत्र ट्रेमध्ये बसवा आणि पलीकडून येणारा ट्रे घ्यायला घरातलं एक माणूस आधी पुढे पाठवा. वही, सुईची डबी आणि दोरी त्याच कप्प्यात. पहाटे दार ओढून घ्यायच्या आधी बॅगेवरून एकदा हात फिरवा आणि सोंड हाताला लागते का बघा.