पायथनमध्ये सत्य-असत्य मूल्ये कशी वापरावीत

एस.टी.चा वाहक तिकीट फाडण्यापूर्वी मनाशी दोन-तीन प्रश्न सोडवत असतो: प्रवाशाने पंचाहत्तरी ओलांडली आहे का, तो पासष्टीच्या पुढचा आहे का, प्रवासी महिला आहे का. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, आणि असे उत्तर साठवण्यासाठी संगणकाला सूचना देण्याच्या पायथन या भाषेत ‘बूल’ हा स्वतंत्र डेटा प्रकार (माहितीचा प्रकार) आहे. त्याची मूल्ये दोनच, ट्रू आणि फॉल्स. हे नाव एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्यावरून आले असून, त्यांनी १८४७ आणि १८५४ मधील आपल्या ग्रंथांत तर्काला बीजगणिताचे रूप दिले.

तिकिटाचेच उदाहरण पुढे नेऊ. महाराष्ट्रात एस.टी.ने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास दिला, ६५ पूर्ण झालेल्या पण ७५ पूर्ण न झालेल्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे. मुलांचे तिकीट आणि इतर सवलती येथे बाजूला ठेवल्या आहेत. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलची, म्हणजे मूल्य साठवण्याच्या जागेची, नावे देवनागरीत देता येतात, म्हणून खालची नावे जशीच्या तशी चालतील. मात्र ट्रू, अँड, ऑर, इनपुट असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि प्रोग्रॅममधील आकडे रोमन लिपीतच टंकावेत.

पहिली पायरी म्हणजे तुलना करून (येथे ‘तेवढे किंवा त्याहून जास्त’ अशी) तिचे उत्तर नावाखाली ठेवणे:

वय = ६८
मोफत = वय >= ७५
ज्येष्ठ = वय >= ६५

येथे एकटे ‘=’ चिन्ह मूल्य ठेवते, तर दोन मूल्ये समान आहेत का हे विचारण्यासाठी ‘==’ लिहावे लागते. वरच्या ओळींनंतर ‘मोफत’मध्ये फॉल्स आणि ‘ज्येष्ठ’मध्ये ट्रू असेल. नाव असे निवडावे की त्यापुढे ‘आहे का?’ जोडले तर सरळ प्रश्न तयार व्हावा. ‘तपासणी’ किंवा ‘स्थिती’ अशा नावांवरून ट्रू म्हणजे नेमके काय, हे महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही उमगत नाही.

आता प्रश्न जोडायचे. येथे मराठी बोलणाऱ्याने विशेष जपले पाहिजे, कारण आपण सहजपणे म्हणतो, ‘महिला आणि ज्येष्ठांना अर्धे तिकीट’. त्या वाक्यातील ‘आणि’ हे दोन गटांची बेरीज करते. पायथनमधील अँड मात्र दोन्ही अटी एकाच प्रवाशाला लागू व्हाव्यात असे मागते. म्हणून वाक्य शब्दशः उतरवून ‘महिला अँड ज्येष्ठ’ लिहिले, तर तीस वर्षांची महिला आणि अडुसष्ट वर्षांचे आजोबा दोघेही पूर्ण भाडे भरतील, सवलत फक्त वृद्ध महिलांना मिळेल, आणि प्रोग्रॅम कोणतीही चूक दाखवणार नाही. नियमाचा अर्थ ‘किंवा’ असा आहे, म्हणून ऑर हवे (नॉट हे उत्तर उलटे करते; ‘महिला’चे मूल्य कसे घ्यायचे ते पुढे पाहू):

अर्धे = नॉट मोफत अँड (महिला ऑर ज्येष्ठ)

या ओळीतील कंस शोभेसाठी नाही. पायथन आधी नॉट, मग अँड आणि शेवटी ऑर सोडवते. कंस काढला तर पहिले दोन भाग अँडने एकत्र बांधले जातात आणि ‘ऑर ज्येष्ठ’ सुटे राहते. मग ऐंशी वर्षांच्या आजींसाठी ‘मोफत’ आणि ‘अर्धे’ दोन्ही ट्रू येतात. अँड आणि ऑर एकाच ओळीत आले की कंस द्यावाच, असे माझे ठाम मत आहे, मग नियम पाठ असोत वा नसोत.

सर्वांत फसवी चूक वापरकर्त्याकडून उत्तर घेताना होते. इनपुट हे फंक्शन (ठरावीक काम करणारी तयार सूचना) वापरकर्त्याने टंकलेले नेहमी मजकूर म्हणूनच देते, आणि पायथनच्या लेखी रिकामा नसलेला कोणताही मजकूर सत्य ठरतो. त्यामुळे

महिला = इनपुट("महिला आहे का? ")

असे लिहून कोणी ‘नाही’ टंकले, तरी पुढची अट खरीच धरली जाते. बूल फंक्शन वापरूनही सुटका नाही. बूल("नाही") याचेही उत्तर ट्रूच. मजकुराची तुलना करूनच त्याचे सत्य-असत्य मूल्य बनवावे लागते:

महिला = इनपुट("महिला आहे का? ").स्ट्रिप() == "होय"

स्ट्रिपमुळे मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा गळतात. वयासाठी इंट(इनपुट("वय? ")) लिहावे; इंट मजकुराची पूर्णांक संख्या करते, आणि त्यात ‘६८’ असे देवनागरी आकडे टंकले तरी पायथन ते बरोबर वाचते, ही आपल्या दृष्टीने फार मोलाची सोय आहे. शून्य, रिकामा मजकूर, रिकामी यादी आणि नन (‘काहीच नाही’ दाखवणारे मूल्य) ही मूल्ये असत्य मानली जातात, पण अवतरणातला "०" हा मजकूर असल्यामुळे सत्य असतो.

उत्तर हाती आल्यावर अट तपासणाऱ्या इफ (‘जर’) या शब्दापुढे ‘इफ मोफत == ट्रू’ असे लिहिण्याची गरज नसते; ‘इफ मोफत:’ पुरेसे आहे. अँडची डावी बाजू फॉल्स निघाली की उजवी बाजू तपासलीच जात नाही, म्हणून (‘!=’ म्हणजे ‘समान नाही’) ‘संख्या != ० अँड एकूण / संख्या > ५०’ ही अट शून्याने भागण्याचा धोका टाळते. ट्रूची किंमत एक आणि फॉल्सची शून्य धरली जात असल्याने, प्रवाशांच्या ‘अर्धे’ मूल्यांची यादी बेरीज करणाऱ्या सम फंक्शनला दिली की अर्ध्या तिकिटांची संख्या थेट मिळते.

प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावर तो सीमेवरच्या वयांनी तपासावा: ६४, ६५, ७४ आणि ७५, प्रत्येकी एक पुरुष व एक महिला, असे आठ प्रवासी. ६४ वर्षांच्या पुरुषाला पूर्ण भाडे, ७५ वर्षांच्या दोघांना मोफत आणि उरलेल्या पाचही जणांना अर्धे तिकीट आले पाहिजे. यातले एखादे उत्तर वेगळे आले, तर बहुधा ‘>=’ ऐवजी ‘>’ लिहिले गेले असेल किंवा कंस राहून गेला असेल.