सर्व्हरच्या सेटिंग्ज उघडत नाहीत? परवानग्यांना हात लावण्याआधीची तयारी

खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड बरोबर, तरी विंडोज सर्व्हरच्या सेटिंग्जमधून नेटवर्क ॲडॅप्टरचे पर्याय उघडायला जावं तर परवानगी नसल्याचा संदेश समोर येतो. २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांवर हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दुरुस्तीला बसण्याआधी संदेश शब्दशः उतरवून घ्या, त्यात फाइलचा पत्ता असेल तर तोही. कुठल्या खात्यातून, काय उघडताना आणि रिमोट डेस्कटॉपवरून की थेट कन्सोलवरून, हेही लिहा. फक्त सेटिंग्ज अडतात की सगळंच अडतं, यावर पुढचा निम्मा तपास ठरतो.

आत शिरायचा दुसरा रस्ता आधीच उघडा ठेवा. ॲडमिन हक्कांचं आणखी एक खातं चालतंय याची लॉगिन करूनच खात्री करा. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर त्याचा कन्सोल हाताशी हवा. ताजा बॅकअप हवाच. डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कमधली सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर, असेल तर स्नॅपशॉटवर (व्हर्च्युअल मशीनच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) विसंबू नका, सिस्टिम स्टेटचा, म्हणजे विंडोजच्या मुख्य सेटिंग्ज आणि खात्यांच्या माहितीचा, बॅकअप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हूॲमआय' ही कमांड 'ग्रुप्स' पर्यायासह चालवा आणि शेवटाकडची 'मँडेटरी लेबल'ची ओळ वाचा. तिथला आकडा ८१९२ वर संपत असेल तर तुम्ही हक्कांच्या मध्यम पातळीवर आहात, १२२८८ असेल तर उच्च. यूएसी, म्हणजे मोठ्या बदलाआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय, चालू असताना ॲडमिन लॉगिन झाला की विंडोज त्याला दोन टोकन, म्हणजे हक्कांची दोन ओळखपत्रं, देतं, आणि रोजची कामं कमी हक्कांच्या टोकनवर चालतात. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपसमोर 'फक्त नकारासाठी' अशा अर्थाची नोंद दिसते. तीच कमांड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या खिडकीत चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. खात्यात खोट आहे की टोकनचा प्रश्न आहे, हे तिथेच कळतं. ग्रुपमध्ये नाव आजच घातलं असेल तर आधी लॉगऑफ करा. सदस्यत्व नव्या लॉगिनशिवाय टोकनमध्ये येत नाही.

अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ज्याच्या एसआयडीच्या (खात्याच्या ओळख-क्रमांकाच्या) शेवटी ५०० असतं, त्याचं प्रकरण वेगळं. त्याला मुळात ॲडमिन अप्रूव्हल मोड, म्हणजे ही दोन टोकनांची पद्धत, लागू नसतो आणि सेटिंग्जसारखी नवी ॲप्स नेमकी तिथे अडखळतात. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत, सिक्युरिटी ऑप्शन्सखाली, अंगभूत खात्यासाठीचा हा मोड सुरू करून सर्व्हर रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा काम होतं. रीस्टार्टची वेळ मात्र आधी मागून घ्या. आणि याच लोकल खात्याने दुसऱ्या मशीनवरून काही स्क्रिप्ट किंवा बॅकअप चालतात का, हे नक्की तपासा, कारण या बदलानंतर बाहेरून येणाऱ्या त्याच्या जोडणीलाही छाटलेलं टोकन मिळतं. तातडीचं काम असेल तर रनमध्ये 'एनसीपीए.सीपीएल' लिहून ॲडॅप्टरची खिडकी थेट उघडून पाहा.

यूएसी पूर्ण बंद करणं आणि सिस्टिम ३२ फोल्डरवर 'एव्हरीवन'ला पूर्ण हक्क देणं हे दोन उपाय सर्रास सुचवले जातात. दोन्ही करू नका. पहिल्याने सर्व्हरचं संरक्षण जातं, दुसऱ्याने मूळ परवानग्या अशा विस्कटतात की त्या पूर्ववत करणं महाकठीण.

संदेशात 'निर्बंध' असा सूर असेल तर ग्रुप पॉलिसीकडे, म्हणजे मध्यवर्ती ठरवलेल्या नियमांकडे, वळा. लागू असलेल्या पॉलिसी दाखवणाऱ्या 'जीपीरिझल्ट' कमांडचा अहवाल काढून कंट्रोल पॅनेलवर बंदी घालणारी पॉलिसी कुठून येते ते शोधा. ती दुरुस्त केल्यावर पॉलिसी ताजी करणारी 'जीपीअपडेट' कमांड सक्तीने चालवा, नाहीतर डोमेनच्या सदस्य सर्व्हरवर दर ९० मिनिटांनी, वर आणखी अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने होणाऱ्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची वाट पाहावी लागते. विंडोजच्या फाइली खराब असल्याची शंका शेवटी, त्या तपासून दुरुस्त करणाऱ्या 'एसएफसी स्कॅननाऊ' कमांडने फेडा.

रीस्टार्टनंतर त्याच खात्याने, त्याच मार्गाने तीच खिडकी उघडून बघा, शेड्यूल्ड टास्क चाललेत का पाहा, आणि बदललेली पॉलिसी तारखेसह सर्व्हरच्या नोंदवहीत लिहा.