महाबोधी महाविहारात दर्शनाला जाताना

बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचे दार पहाटे पाचला उघडते, आणि त्या वेळी आत शिरणाऱ्यांत बहुतेक उपासकच असतात. २००२ साली युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला असला, तरी आजही ही रोजच्या साधनेची जागा आहे. त्यामुळे कोणाच्या साधनेत आपल्यामुळे खंड पडणार नाही, एवढे भान प्रवाशाने प्रत्येक पावलावर ठेवावे.

खांदे व गुडघे झाकणारे साधे, सैल कपडे घालावेत. महाराष्ट्रातून येणारे बौद्ध उपासक पांढरी वस्त्रे नेसून येतात. तसेच करावे असा नियम नाही, पण भडक पोशाख तेथे नजरेला खटकतो. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेरच्या खिडकीवर जमा करावा लागतो, म्हणून सोबत्यांशी परत भेटण्याची वेळ आणि जागा आधीच ठरवून घ्यावी. सुरुवातीला हात रिकामा रिकामा वाटतो, परंतु मोबाइल नसल्यामुळेच तेथे मन टिकते, असे मला मनापासून वाटते. चपला काढाव्या लागतात. उन्हाळ्यात फरशी तापते, तेव्हा पायांत मोजे असू द्यावेत.

आत गेल्यावर प्रथम गाभाऱ्यात जावे. तेथे भूमिस्पर्श मुद्रेतील, म्हणजे उजव्या हाताची बोटे जमिनीकडे टेकवलेली, सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धमूर्ती आहे. हात जोडून नमस्कार करावा, किंवा गुडघे, तळहात आणि कपाळ जमिनीला टेकवून तीनदा वंदन करावे. श्रद्धा नसेल तर क्षणभर स्तब्ध उभे राहिले तरी पुरे. खोटा अभिनय कोणालाच नको असतो. गाभारा लहान आहे, म्हणून मागच्यांना जागा देऊन लवकर बाहेर यावे. बसायचे झाल्यास मूर्तीकडे पाय पसरू नयेत.

मग प्रदक्षिणा घालावी. वास्तू नेहमी आपल्या उजव्या हाताला राहील अशा बेताने, हळू चालावे. उत्तरेच्या बाजूला रत्नचंक्रम आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध जेथे चालले असे मानतात, तेथे पावलांच्या खुणा म्हणून दगडी कमळे कोरली आहेत. त्यांवर फुले वाहिलेली असतात, म्हणून तेथे पाय ठेवू नये. वाटेत हिवाळ्यात तिबेटी साधक लाकडी फळ्यांवर दंडवत घालताना दिसतात. हातांच्या घर्षणाने फळीचा मधला भाग गुळगुळीत होऊन चकाकत असतो, आणि शेजारी मोजणीची माळ ठेवलेली असते. अनेक जण एक लाख दंडवतांचा संकल्प घेऊन बसलेले असतात. ती फळी किंवा आसन ओलांडू नये, वळसा घालून पुढे जावे. कॅमेऱ्यासाठी वेगळे शुल्क भरून परवानगी मिळते, तरीही साधनेत बुडालेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर तो धरू नये.

भिक्खूंशी बोलताना ‘भन्ते’ म्हणावे. थेरवादी, म्हणजे श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथे रूढ असलेल्या परंपरेतले भिक्खू स्त्रियांना स्पर्श करत नाहीत, त्यामुळे स्त्रियांनी दानाची वस्तू त्यांच्या हातात न देता पात्रात किंवा समोर पसरलेल्या वस्त्रावर ठेवावी. भोजनदान द्यायचे असेल तर ते माध्यान्हीच्या आत द्यावे, कारण त्यानंतर हे भिक्खू जेवत नाहीत.

शेवटी पश्चिमेला, वज्रासनाजवळच्या, म्हणजे बुद्धांना ज्ञानप्राप्ती झाली त्या जागेवरच्या दगडी आसनाजवळच्या बोधिवृक्षाखाली निवांत बसावे. निरनिराळ्या देशांचे गट आपापल्या भाषेत आणि चालीत पाठ करत असतात, आणि त्यातच एखाद्या मराठी गटाचे त्रिशरण-पंचशील ऐकू येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या दीक्षेपासून कितीतरी घरांत रोज म्हटले जाणारे ते शब्द या झाडाखाली ऐकताना अंगावर काटा येतो. अशा वेळी आपली कुजबुजही थांबवावी.

झाडाचे पान तोडू नये. वाऱ्याने पिंपळपान खाली पडले की अनेक हात एकदम पुढे येतात. तेव्हा झटापट न करता जवळच्या वृद्धाला ते घेऊ द्यावे. आपल्या वाट्याला आलेच, तर वहीत सपाट ठेवावे, कारण पिशवीत त्याचे लांब टोक हमखास मोडते.