घरशिक्षणाचं फुकट साहित्य: आधी मूल कुठे अडलंय ते बघा, मग शोधा

‘जिथे जे फुकट दिसेल ते उतरवून ठेवा, पुढेमागे उपयोगी पडेल,’ हा सल्ला घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. मी तो पहिलं वर्षभर पाळला आणि तो अजिबात पाळू नका, असं आता ठामपणे सांगते. साठवलेलं पुन्हा कोणी उघडत नाही.

सुरुवात सोपी आहे. प्रत्येक विषयाला एकच मुख्य स्रोत ठरवा. गणितासाठी खान अकॅडमी पुरते. २००८ पासून चालू असलेली ही ना-नफा संस्था आहे, धडे फुकट आहेत, जाहिराती नाहीत. वाचनासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. मराठीसकट अनेक भाषांतल्या गोष्टी तिथे आहेत आणि प्रत्येकीवर वाचनपातळी लिहिलेली असते.

खरी कसोटी यापुढे आहे. मूल नेमकं कुठे अडलंय हे शोधायला लागतं, आणि इथेच मी तीन महिने घालवले. लेकीला अपूर्णांक शिकवताना तीन ठिकाणच्या वर्कशीट्स आणल्या. वर्तुळाचे चार भाग, तीन रंगव, लिही ३/४. सगळी उत्तरं बरोबर. मी खुशीत होते. एक दिवस कागदावर ० ते ५ अशी संख्यारेषा काढली आणि म्हटलं, यावर ३/४ दाखव. तिने क्षणभरही न थांबता ३ आणि ४ च्या मधोमध खूण केली. ३/४ ही एक संख्या आहे, ती ० आणि १ च्या मध्ये बसते, हे तिला रंगवलेल्या वर्तुळांनी कधी सांगितलंच नव्हतं. आणखी पन्नास वर्तुळं आणली असती तरी सांगितलं नसतं.

तेव्हापासून मी असं करते. कोऱ्या कागदावर पाचच प्रश्न स्वतः लिहायचे, सोप्यापासून अवघडापर्यंत, आणि त्यातला एक तरी नेहमीपेक्षा वेगळ्या रूपात. मूल सोडवत असताना मदत करायची नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. मग विचारायचं, ‘कसं केलंस ते सांग.’ बरोबर उत्तरालाही विचारायचं. जे चुकतंय ते एका वाक्यात लिहायचं आणि त्या वाक्यातले शब्द शोधायचे. ‘चौथीचं गणित’ असं शोधलंत तर ढीग मिळेल, ‘संख्यारेषेवर अपूर्णांक’ असं शोधलंत तर कामाची दोन पानं मिळतील.

मला त्यातूनच फेट (PhET) सापडलं, म्हणजे गणित-विज्ञानाचे स्क्रीनवर हाताळून बघायचे फुकट खेळ. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. तिथल्या अपूर्णांकांच्या खेळात तोच अपूर्णांक आधी वर्तुळात आणि मग संख्यारेषेवर बघता येतो. छेद वाढवला की रेषेवरच्या खुणा दाट होतात. लेक बराच वेळ फक्त छेद कमीजास्त करत बसली होती, मी मध्ये बोलले नाही.

वर्कशीटवरच्या इयत्तेवर विश्वास ठेवू नका, इयत्तांची वाटणी सगळीकडे सारखी नसते. मुलापुढे ठेवण्याआधी पान स्वतः सोडवा. उत्तरतालिकेतली एक चूक मुलाचा अख्खा आठवडा खाते. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर द्या. जमला तरच पुढचा धडा.

बाकीचं पटकन सांगते. जुनी इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतात, तशीच ऐकायची असतील तर लिब्रीव्हॉक्सवर. इंटरनेट नसताना विकिपीडिया हवा असेल तर किविक्स हे ॲप. ‘फुकट’ म्हणून कार्डाचा नंबर मागणारं पान तिथेच बंद करा. आणि साहित्यात बदल किंवा भाषांतर करायचं असेल तर आधी परवाना वाचा. स्टोरीवीव्हरच्या गोष्टींवर सहसा ‘सीसी बाय’ (CC BY) हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना असतो, तेव्हा मूळ लेखकाचं नाव देऊन भाषांतरही करता येतं. परवान्यात ‘एनडी’ (ND, म्हणजे ‘बदल नको’) लिहिलं असेल तर बदललेली प्रत इतरांना वाटता येत नाही.