रंग गेला, पण कुठे? फोटोकॅटॅलिस्टच्या प्रयोगात या चुका टाळा

एमएस्सीचं प्रोजेक्ट आलं की पुण्यात कॉलेजच्या गच्चीवर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे बीकर मांडले जातात. आत फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे उजेडात रंग फोडणारी पावडर: पॉलिॲनिलीन या वीजवाहक पॉलिमरचा लेप दिलेलं टायटॅनियम डायऑक्साइड. वर ऊन. पाणी नितळ झालं की '९५ टक्के विघटन' लिहून मंडळी मोकळी. पण बरेचदा रंग फुटलेला नसतो, पावडरीला चिकटलेला असतो.

पॉलिॲनिलीन रंग शोषण्यात पटाईत आहे. म्हणून उन्हात नेण्याआधी अंधारात ढवळा. शोधनिबंधांतला अर्धा तास तुमच्या पावडरीला पुरेलच असं नाही. दर दहा मिनिटांनी नमुना काढा. पाण्यात उरलेला रंग ६६४ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो ते मोजा. हा आकडा दोन-तीनदा सारखं आलं की तोच सुरुवातीचा आकडा धरा. शेवटी पावडर वेगळी करून इथेनॉलने धुवा. इथेनॉल निळं झालं तर चोर सापडला. सोबत रंगात न घातलेली कोरी पावडरही धुऊन बघा, कारण पॉलिमरचाही रंग थोडा सुटू शकतो.

मिथिलीन ब्लू आणखी एक चकवा देतो. ऑक्सिजन कमी पडला की तो न फुटताच रंगहीन होतो. बाटली हवेत हलवा. निळा परतला तर काहीच झालेलं नाही.

निकाल कमी आला म्हणून लेप ज्यापासून बनतो ते ॲनिलीन वाढवणं हा उलटा उपाय. जाड लेपातून प्रकाश आत पोचत नाही. बिनलेपाची पावडर शेजारी ठेवा, ती जिंकली तर तेही लिहा.

सिरिंज फिल्टर रंग धरतो. शक्यतो सेंट्रिफ्यूज वापरा.

डिस्टिल्ड वॉटरमधला आकडा इचलकरंजीच्या सांडपाण्याला चिकटवू नका. डाइंगचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि अल्कलीत पॉलिॲनिलीन हिरव्याचं निळं होऊन वाहकता घालवतं. त्यात मीठ आणि बायकार्बोनेट असले की रंग फोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलांना तेच खाऊन टाकतात. मिथिल ऑरेंज हा रंग घेतलात तर सामूची (pH) नोंद हवीच, नाहीतर पाणी आम्लाकडे झुकल्याने बदललेला रंग तुम्ही विघटन म्हणून मोजाल.

लेप टिकतो का, हे फारसं कुणी तपासत नाही. हेच रॅडिकल पॉलिमरलाही कुरतडतात. रंग न घालता नुसती पावडर पाण्यात ठेवून ऊन द्या आणि टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजा. आकडा वाढला तर तुमचं औषधच पाण्यात विरघळतंय.

पावडरीशिवाय नुसत्या रंगाचा बीकर त्याच दिवशी, त्याच उन्हात ठेवा. मेमधलं ऊन आणि जुलैतलं ढगाळ आकाश यांचे आकडे एकाच आलेखावर टाकू नका.